हवेवरची गाडी

मला खोली द्यायच्या आधी काकांनी मला दार लावून दाखवायला सांगितलं होतं.

मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून जरा आत, एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं घर होतं. मी साताऱ्याकडची. इथल्या एका शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते आणि राहायला जागा शोधत होते. घरमालकांच्या प्रश्नांची मला सवय झाली होती. गाव कुठलं, लग्न का नाही, मांसमच्छी खाता का. या गृहस्थांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी बोटभर लांबीची एक स्पिरिट लेव्हल. मधे पाण्याचा बुडबुडा असलेली, गवंडी वापरतात तसली, पण लहान. ते म्हणाले, "ते दार लाव बघू."

मी लावलं.

"परत."

परत लावलं.

"आता शाळेला उशीर झालाय असं समज. घाईत लाव."

मी वैतागून लावलं, पण सवयीने कडी हातात धरून. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "काय गो, कळला?"

आतून बाईचा आवाज आला, "नाय."

"मग ठीक आसा," ते म्हणाले आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

दार आपटलं की भिंत हादरते, भिंत हादरली की तिला टेकलेला काकूंचा पलंग हलतो, आणि पलंग हलला की काकूंना लागतं, हे मला त्याच संध्याकाळी समजलं. काकूंना रक्तातून सुरू होऊन हाडं पोखरणारा आजार होता. पाठीचे मणके आतून भुसभुशीत झालेले. कमरेला रुंद पट्टा बांधून त्या घरातल्या घरात हळूहळू फिरायच्या, भाजी निवडायच्या, कोणाशीही पटकन हसून बोलायच्या. काकांशी मालवणीत, माझ्याशी मुंबईच्या मराठीत. त्यांच्याकडे बघून त्या आजारी आहेत असं वाटायचं नाही. काकांकडे बघून मात्र वाटायचं.

काका लिफ्टच्या कामातून निवृत्त झालेले. आधी मेकॅनिक, मग सुपरवायझर. मुंबईच्या उपनगरांतल्या कितीतरी इमारतींतल्या लिफ्ट त्यांनी बसवल्या होत्या. लिफ्ट मजल्याशी बरोबर समपातळीत थांबली पाहिजे, हा त्यांचा जन्मभराचा ध्यास. कोणाकडे गेलो की ते आधी लिफ्टच्या उंबऱ्याकडे वाकून बघत आणि नापसंतीने मान हलवत. "म्हातारं माणूस इथेच पडतं," म्हणत. खिशातली लेव्हल ते कुठेही काढायचे. हॉटेलातल्या टेबलावर, बँकेच्या काउंटरवर, एकदा तर लग्नाच्या स्टेजवर. बुडबुडा मधे नसला तर त्यांना तिथलं काहीच पटायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचं भांडण घेऊन कोणी त्यांच्याकडे आलं तरी ते म्हणत, "आधी लेव्हल बघा दोघांची." ते त्या जोडप्याला समजत नसे, पण भांडण तेवढ्यापुरतं थांबे.

या सगळ्यापेक्षा मोठं वेड म्हणजे त्यांची गाडी.

इमारतीच्या मागच्या अंगणात, नारळाच्या झाडाखाली, एक भलीमोठी परदेशी बनावटीची फोर-व्हील-ड्राइव्ह उभी असायची. जंगलात नि वाळवंटात चालवायची गाडी, आणि ती मुलुंडमधल्या एका पेन्शनर माणसाकडे. अंधेरीच्या एका बंगल्यातली खाजगी लिफ्ट काका सांभाळायचे. ती गाडी त्या मालकाची. तिच्या त्रासाला कंटाळून त्याने ती विकायला काढली आणि काकांनी फंडाचे पैसे घालून ती घेतली. अख्ख्या इमारतीने तेव्हा काकांना वेड्यात काढलं होतं म्हणे.

त्यामागचं कारण काकूंनीच मला सांगितलं. आजार नवा होता तेव्हा त्यांना ॲम्ब्युलन्समधून हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. ॲम्ब्युलन्सच्या चाकांवरचे लोखंडी पाटे कडक, रस्ते खोदलेले. एका खड्ड्यात त्यांचा मणका पिचला. "माका वाटला, कोणी काठी मोडल्यान," काकू बोलता बोलता मालवणीत शिरल्या. "आवाज इलो. ह्येंनी पण आयकलो." त्या नंतर बऱ्या झाल्या, पण काका तो आवाज विसरले नाहीत.

त्या परदेशी गाडीला चाकांवर लोखंडी स्प्रिंग नव्हत्या. त्यांच्या जागी रबराच्या जाड घडीदार पिशव्या होत्या, हवेने भरलेल्या. गॅरेजवाले त्यांना फुगे म्हणत. गाडीतल्या कॉम्प्रेसरने त्यांत हवा भरली की गाडी वर येई, सोडली की खाली बसे. रस्ता कसाही असो, आत बसलेल्याला फक्त झुलल्यासारखं वाटे. पण काकांनी ती घेतली ती एका बटणासाठी. ते दाबलं की गाडी हळूच गुडघे टेकल्यासारखी खाली यायची. दाराचा उंबरा इतका खाली यायचा की काकूंना पाय उचलावाच लागत नसे. त्या नुसत्या मागे टेकायच्या आणि वळून आत बसायच्या. मग काका दुसरं बटण दाबत, कॉम्प्रेसर घुमायला लागे, आणि गाडी काकूंना घेऊन उठे. आयुष्यभर ज्याच्यासाठी झटले ते या माणसाला एका बटणात मिळालं होतं.

अडचण एकच होती. रबर जुनं झालं होतं.

सकाळी काका चहाच्या आधी अंगणात जायचे. गाडी उभी असेल तर शिट्टी वाजवत परत येत. पण बहुतेक दिवशी ती बसलेली असे, कधी पुढच्या एका चाकावर कलंडून, कधी चारही चाकांवर पोट टेकून. मग काका साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली घेऊन जमिनीवर आडवे होत आणि फुग्याच्या घड्यांवर पाणी मारून बुडबुडे शोधत. बुडबुडे दिसले नाहीत तर कान लावून ऐकत. एकदा त्यांनी तिथूनच वरच्या मजल्यावरच्या बाईंना हाक मारली, "वहिनी, जरा कुकर बंद करा. गळती ऐकतोय."

"अहो, पण डाळ अर्धी शिजलीय."

"डाळ थांबेल. हवा थांबणार नाही."

वहिनींनी खरंच कुकर बंद केला. लोक हसायचे, पण काकांचं ऐकायचे. काकू खिडकीतून बघत असायच्या हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या गाडीतून काकांनी काकूंना एकदा समुद्र दाखवला होता. मी त्यांच्याबरोबर होते. घोडबंदर, भाईंदर, उत्तन असा लांबचा वळसा घेऊन आम्ही गोराईला गेलो. काका इतके सावकाश चालवत होते की सायकलवाले आम्हाला ओलांडून जात होते. प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी ते मोठ्याने सांगत, "येता हा, धरून बस." काकू म्हणत, "धरलंय." गोराईला गाडी समुद्राकडे तोंड करून लावली, बटण दाबलं, गाडी बसली आणि काकू स्वतः उतरल्या. वाळवायला पसरलेल्या मासळीचा वास येत होता. एका कोळणीशी काकूंनी सुक्या बोंबलांवरून मनसोक्त घासाघीस केली. शेवटी घेतले नाहीत ते नाहीतच. परतीच्या वाटेवर त्या बराच वेळ गप्प होत्या. काकांनी घाबरून विचारलं, "काय झाला?"

"काय नाय. आज माका कायएक दुखाक नाय. बरेच वर्सांनी."

काकांनी गाडी बाजूला घेतली. रुमाल काढून चष्मा पुसला आणि नंतर बराच वेळ पुसतच बसले.

त्यांच्याबद्दल आठवायला लागले की मी त्या दिवसापाशी थांबायचा प्रयत्न करते. जमत नाही.

घाटकोपरला एक गॅरेजवाला होता. असल्या गाड्यांत हात घालणारा आसपास तो एकटाच. धिप्पाड, तोंडाने फटकळ, मनाने बरा. दर थोड्या दिवसांनी काका त्याच्याकडे जात आणि दरवेळी तो तेच सांगे.

"काका, किती दिवस ठिगळं लावणार? कंपनीचे फुगे आता येत नाहीत. डुप्लिकेट येतात त्यांची काय गॅरंटी नाही. चारी काढून टाका. कॉइल टाकतो. लोखंडाची स्प्रिंग, जन्मभर बघायला नको. गाडी रात्रंदिवस उभी राहील."

"मला उभी राहणारी गाडी नकोय," काका म्हणत. "बसणारी पाहिजे."

"अरे, पण ती स्वतःच्या मर्जीने बसतेय ना."

"उठते ना परत? मग झालं."

तो माझ्याकडे बघून कपाळावर हात मारी. एकदा त्याने मला बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही समजवा. रबर आहे ते. आज गळतंय ते बरं आहे, गळताना कळतं तरी. एक दिवस फाटेल." मी घरी आल्यावर काकांना तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मला माहीत आहे. मी लिफ्टचे दोर बघितलेत आयुष्यभर. पण स्प्रिंगची गाडी घेतली तर ही चढणार कशी? उचलून? उचलताना कुठे काय पिचेल सांगू शकतेस?" मग ते डुप्लिकेट फुगे आणवून घेत, स्वतः तपासत, बसवून घेत, आणि पुन्हा सकाळी साबणाचं पाणी घेऊन आडवे होत.

फुगा फाटला तो दिवाळीनंतर, एका दुपारी.

काकूंचे उपचार अंधेरीच्या हॉस्पिटलात चालू होते. मला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मीही गेले होते. परत येताना आम्ही जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर होतो, पवईच्या पुढे. मेट्रोच्या कामामुळे रस्ता आकसलेला, दोन्हीकडे पत्रे. खड्डा म्हणावा असा काही नव्हता. रस्त्यातल्या एका लोखंडी झाकणावरून मागचं चाक गेलं आणि टायर फुटल्यासारखा आवाज झाला. गाडीचा मागचा भाग एकदम खाली आदळला. माझे दात एकमेकांवर आपटले. काकू ओरडल्या नाहीत. नुसता श्वास आत ओढला आणि तो बराच वेळ बाहेर सोडलाच नाही.

काकांनी गाडी थांबवली. मागून हॉर्न सुरू झाले. ते वळून बघत होते, त्यांचा एक हात हवेतच राहिला होता, काकूंना लावायची हिंमत होत नसल्यासारखा.

"गो, लागला?"

काकू समोर बघत होत्या. म्हणाल्या, "अवो, माजे पाय खंय?"

"हडेच आसत. हडेच आसत गो."

"माका लागनत नाय."

लोक जमा झाले. कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ज्या ॲम्ब्युलन्सच्या धास्तीने काकांनी एवढा खटाटोप केला होता, तीच त्यांना घेऊन परत अंधेरीला गेली. काका आत काकूंच्या शेजारी बसले. मी गाडीपाशी थांबले. ती एका बाजूने पार जमिनीला टेकली होती; शेवटी गॅरेजवाला येऊन ती ओढून घाटकोपरला घेऊन गेला.

पाय परत आले नाहीत. मणका चेपून आतली नस दाबली गेली होती. ऑपरेशन झेपण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी दुखणं कमी व्हावं म्हणून किरणांचे उपचार सांगितले. त्यासाठी पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात जाणं आलं, तेही आता आडवं झोपवून. घरी आणल्यापासून काकू पलंगाला खिळल्या. काकांच्या खिशातली ती छोटी लेव्हल दिसेनाशी झाली.

मग एका सकाळी ते म्हणाले, "घाटकोपरला चल. हवा काढून टाकायचीय."

गॅरेजवाल्याने त्या दिवशी एकदाही "मी सांगत होतो" म्हटलं नाही, हे मला त्याच्याबद्दल कायम लक्षात राहील. त्याने काकांसाठी खुर्ची मांडली. काका बसले नाहीत. गाडी जॅकवर चढली, चाकं निघाली, ॲक्सल खाली सोडला. एकेक फुगा निघून जमिनीवर आला. घड्यांमधे रबर वाळलेल्या चिखलासारखं तडकलेलं. फाटलेला फुगा सर्वांत शेवटी निघाला. काकांनी तो उचलून फाटलेल्या जागेत दोन बोटं घातली, पलीकडून बाहेर काढली आणि खाली ठेवला.

नव्या स्प्रिंग काळ्या, बोटाएवढ्या जाड लोखंडाच्या होत्या. काकांनी एक उभी करून वरून हाताने दाबली. ती हलली नाही.

"कडक आहे."

"ओझं वाहणाऱ्या गाडीसाठी बनवलीय काका. अशी गाडी इथे कितीजणांकडे असणार? बाहेरून मागवली, आली ती ही."

"याच्याहून मऊ?"

"मऊ टाकली तर गाडी झोके खाईल. वळणावर काकी मागे घरंगळतील. ही दणके देईल, पण घात करणार नाही. फाटायला त्यात काहीच नाही."

"मधली नाही?"

"मधली नाही."

काकांनी ती स्प्रिंग परत एकदा दाबून बघितली. मग म्हणाले, "टाक."

वर-खाली लोखंडी वाट्या बोल्टने आवळून त्यांच्यामधे स्प्रिंग बसवल्या. कॉम्प्रेसर काढला, हवेच्या नळ्या ओढून काढल्या. संध्याकाळ व्हायच्या आत गाडी स्वतःच्या पायांवर उभी होती, पहिल्यापेक्षा चांगली वीतभर उंच. काका आत बसले आणि त्यांनी ते खाली बसायचं बटण दाबलं. काही झालं नाही. समोर एक पिवळा दिवा लागला.

"ते बटण आता कामाचं नाही, काका."

"माहीत आहे," म्हणत त्यांनी परत दाबलं. मग आणखी एकदा.

"तो दिवा कायम जळणार. कॉम्प्युटर हवा शोधतोय. वायर काढून टाकू?"

"राहू दे. खरं तेच सांगतोय तो."

त्यानंतर काही दिवस काकांच्या अंगात पूर्वीचे काका परत आले. लिफ्टच्या कामातल्या दोन जुन्या सोबत्यांना बोलावून त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला हाताने फिरवायचा एक पाळणाच बांधला. सपाट फळी, दोन्हीकडे साखळ्या, गिअरचं हँडल. फळीवर स्ट्रेचर ठेवायचं, हँडल फिरवायचं, आणि ती एकही हिसका न देता वर जाऊन गाडीच्या तळाशी समपातळीत थांबायची. मागच्या सीट काढून तिथे जाड गादी घातली. आधी सिमेंटच्या गोणी ठेवून बघितल्या, मग मला झोपवून, मग ते स्वतः झोपले आणि मला हँडल फिरवायला लावलं. पहिल्यांदा काकूंना चढवलं तेव्हा खिडक्याखिडक्यांत माणसं उभी होती. वर जाता जाता काकू म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांका वर न्हेलात. आता माजो नंबर."

वरच्या वहिनी हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावून आत गेल्या.

तो प्रवास मी काकूंच्या उशाशी बसून केला. त्यांचे खांदे धरायचं काम माझ्याकडे होतं. गाडी गल्लीतून बाहेर पडेपर्यंतच मला समजलं होतं. हवेवर असताना ती गाडी खड्डा गिळायची. आता खड्ड्याचा दणका जसाच्या तसा वर यायचा आणि नंतर स्प्रिंग दोनदा उसळायची. म्हणजे एका खड्ड्याचे तीन दणके. काकूंचे पाय बधीर होते, पण कमरेच्या वरचं सगळं जागं होतं. पुलावर दर थोड्या अंतराने सांधे असतात हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. काकूंनी नॅपकिनची गुंडाळी दातांत धरली होती.

पुढून काका विचारत होते, "लागता?"

काकू नॅपकिन काढून म्हणत, "नाय," आणि परत दातांत धरत.

काका आरशात बघत होते. आरशातून काय दिसतं ते मला माहीत होतं, कारण मलाही त्यांचा चेहरा दिसत होता.

परत येताना पवईच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा काकू म्हणाल्या, "परत नको."

"फुडच्या खेपेक ॲम्ब्युलन्स सांगूया?"

"कायच नको."

"स्प्रिंगो बदलतंय. मऊ आणतंय. खंयसून तरी आणतंय."

"अवो," काकू म्हणाल्या, अगदी शांतपणे, "पुरे झाला."

सिग्नल सुटला. काकांनी गाडी हलवली नाही. मागून शिव्या आल्या तेव्हा हलवली.

काकूंनी त्यानंतर घर सोडलं नाही. डॉक्टर बाई घरी येऊन गेल्या. तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. अंगणात काकांना म्हणाल्या, "या उपचारांनी त्या बऱ्या होणार नव्हत्याच. थोडं दुखणं कमी झालं असतं, एवढंच. स्वतःला दोष देऊ नका. गाडीचा याच्याशी काही संबंध नाही."

"त्या दिवशी फुगा फुटला नसता तर?"

"त्या दिवशी नाही तर पुढच्या महिन्यात झालं असतं. अशा हाडांना शिंकही पुरते."

"पण शिंकेने झालं नाही ना," काका म्हणाले.

डॉक्टर बाईंनी बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि त्या गेल्या.

शेवटचे दिवस फार वाईट गेले. त्याबद्दल लिहीत नाही. थंडी संपता संपता एका सकाळी काकू गेल्या. इमारतीतल्या चार जणांनी त्यांना उचललं तेव्हा काका त्यांच्या मागे मागे, हात पुढे करून, "हळू. हळू रे. लेव्हल धरा," म्हणत चालत होते. त्यांना कोणी थांबवलं नाही. आणि उचलणाऱ्यांनीही खरंच लेव्हल धरली, फाटकापर्यंत.

मी तिथेच राहत होते. काका माझ्याशीही मालवणी बोलायला लागले होते. घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. जेवायचे थोडं, झोपायचे नाहीत फारसे, पण अंघोळ, पूजा, बाजार सगळं वेळच्या वेळी. लोक म्हणाले, सावरले. मलाही तसंच वाटत होतं. मग रोज दुपारी ते गाडी घेऊन बाहेर जायला लागले. कुठे जाता विचारलं तर "हडेच", म्हणजे इथेच, म्हणत. परत येताना मान आखडलेली, एक हात कमरेवर. एकदा दारापुढच्या दोन पायऱ्या चढताना त्यांना भिंत धरावी लागली. नंतर मला अंगणात नारळाच्या बुंध्याशी ड्रायव्हरच्या सीटचा फोम पडलेला दिसला, सुरीने कापून काढलेला.

दुसऱ्या दिवशी ते निघाले तेव्हा मी न विचारता शेजारच्या सीटवर जाऊन बसले. काकांनी गाडी सुरू केली. त्यांच्या सीटवर नुसता लोखंडी सांगाडा होता आणि वर गोणपाटाची एक घडी. आम्ही हायवे ओलांडून खाडीकडे गेलो. तिथे डंपर जाऊन जाऊन रस्त्याची चाळण झाली होती. सगळे जण तिथून गाडी सांभाळून काढतात. काकांनी वेग वाढवला.

पहिल्या खड्ड्यात माझं डोकं छताला लागलं. दुसऱ्यात मी दार धरलं. काका पाठ ताठ ठेवून बसले होते, टेकले नव्हते, स्टिअरिंगही सैल धरलं होतं. दणका बसला की त्यांचं अख्खं अंग वर उडे आणि लोखंडावर आपटे. तोंडातून आवाज नाही.

"काका, काय करताय हे?"

"बघतंय."

"काय?"

"किती लागता ता. हिका किती लागला असात ता."

समोर गुडघाभर खोल एक खड्डा होता. ते त्यात गेले, दोन चाकं एकदम. गाडी आदळली, उसळली, परत आदळली. मग त्यांनी ब्रेक लावला. पुढे पिवळा दिवा जळत होता. खाडीवरून गढूळ वास येत होता. मला तो दिवस अजून पुरता आठवतो, ऊन कुठवर आलं होतं तेसुद्धा.

मी हळूच विचारलं, "कळलं?"

ते स्वतःच्या मनगटाकडे बघत होते. मग दुसऱ्या हाताने त्यांनी ते मनगट चाचपून बघितलं, हाड कुठे आहे ते बघतात तसं.

"नाय," ते म्हणाले. "माजी हाडां घट आसत गो. माका कळाचा नाय."

मग म्हणाले, "तू उतर."

मी उतरले, कारण त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, विनंती होती. रस्त्याच्या कडेला धुळीत उभी राहिले. गाडी मागे गेली, बरीच मागे. थांबली. आणि वेग घेऊन परत त्याच खड्ड्याकडे यायला लागली.